शेवटच्या तोटीपर्यंत: आमच्या नळयोजनेच्या तपासणीचा अनुभव

२६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर खालून दुसरा विषय होता: 'गाव हर घर जल घोषित करणेबाबत'. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, म्हणून तो विषय आम्हा बायांसमोर आधी वाचला गेला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, झरी, केळापूरच्या पट्ट्यातलं. गावाला लागून टेकाडावर कोलाम आदिवासींची वस्ती, म्हणजे पोड आहे, तेही आमच्याच ग्रामपंचायतीत येतं. पोडावरच्या दोघीजणी सभेला आल्या होत्या. त्यातली एक उठून म्हणाली, "बाई, आमच्याकडं तोटी हाय, पन पानी तं करंगळीएवढं येते. मंग हर घर कसं काय झालं?"

तो ठराव त्या ग्रामसभेत झाला नाही. मी गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सदस्य आहे, बचत गटातून आलेली. ठराव थांबल्यापासून तो मंजूर होईपर्यंत योजनेची जी तपासणी झाली, तिच्यात मी पहिल्यापासून होते. ते सगळं लिहून ठेवावंसं वाटलं, कारण कितीतरी गावांत हा ठराव अजून यायचा आहे आणि त्याचं वजन किती आहे हे लोकांना कोणी नीट सांगत नाही.

'हर घर जल' ही घोषणा ज्या योजनेतली, ते केंद्राचं जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. त्यातलं वचन घराघरात तोटी बसवण्यापुरतं नाही. माणशी रोज ५५ लिटर पाणी, ते भारतीय मानक १०५०० च्या कसोटीला उतरणारं, आणि नियमित, वर्षभर. या तिन्ही गोष्टी असतील तरच ती जोडणी 'कार्यरत' धरायची. गावाचं काम संपलं की आधी ते फक्त 'झालं' असं कळवलं जातं. त्यानंतर अभियंत्यानं काम पूर्ण झाल्याचा दाखला ग्रामपंचायतीला द्यायचा, तो ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा, लोकांनी खात्री करून ठराव करायचा, त्याचं चित्रीकरण करायचं आणि मग ते गाव 'प्रमाणित' होतं. म्हणजे शेवटचा शिक्का मंत्रालयाचा नसतो, अभियंत्याचाही नसतो. तो गावाचा असतो.

हे मला फार मोलाचं वाटतं. धरणांतल्या पाण्याचे ठोक दर ठरवायला राज्यात २००५ च्या कायद्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. विजेच्या दरांसाठी वेगळा आयोग आहे, तिथं जाहीर सुनावण्या होतात. पण खेड्यातल्या नळयोजनेत पाणी पुरतं का, शुद्ध आहे का, पट्टी वाजवी आहे का, हे बघायला असं कोणी बसलेलं नाही. ते काम समितीचं आणि ग्रामसभेचं. आम्ही बघितलं नाही तर दुसरं कोणी बघणार नाही.

आणि आमच्याकडे बघण्याचं कारण मोठं आहे. या भागातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे. मानकात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. आमच्या जुन्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेच्या अहवालात त्याच्याही वर होतं. अहवाल न बघताही ते कळतं. पोरं हसली की दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. लहानपणी दात घडत असताना पोटात गेलेलं फ्लोराईड ते, कितीही घासा, जात नाही. वर्षानुवर्षं तेच पाणी पिलेल्या म्हाताऱ्या माणसांची हाडं आखडतात, मान वळत नाही, मांडी घालून बसता येत नाही. आमच्या गल्लीत असे लोक आहेत आणि बरेच दिवस त्यांना वाताचीच औषधं दिली जात होती. हे पाणी उकळूनही सुधरत नाही. वाफ निघून जाते, फ्लोराईड भांड्यातच राहतं. टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकून जंतू मरतात, फ्लोराईडला तिचा काही उपाय नाही. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेनं तुरटी आणि चुन्याची पद्धत काढली, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पण रोज मापात तुरटी घालणं, खाली बसलेला गाळ काढून नीट टाकणं हे गावपातळीवर वर्षानुवर्षं निभत नाही. खरा उपाय म्हणजे स्रोत बदलणं.

म्हणून मिशनमध्ये आमच्या जुन्या योजनेची सुधारणा मंजूर झाली. नदीकाठी नवीन विहीर, तिथून उंच टाकीपर्यंत पंपानं पाणी चढवणारी दाबनलिका, गावातली जुनी वितरण व्यवस्था बदलायची आणि पोडापर्यंत नवीन पाईपलाईन न्यायची. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांनी विहिरीची जागा ठरवून दिली. विहिरीच्या पाण्यात फ्लोराईड १ च्या आत आलं. लोकवर्गणी एरवी गावातल्या कामांच्या खर्चाच्या दहा टक्के, पण आदिवासीबहुल गावांना पाच टक्के. ती जमवताना पोडावरच्या लोकांनी मजुरीचे पैसे आणून दिले होते. ही गोष्ट मला तपासणीच्या काळात सतत आठवत राहिली.

ठेकेदाराचं बिल निघण्याआधी त्रयस्थ संस्थेनं काम तपासायचं असतं, तसा नियमच आहे. आमच्याकडे तपासणीला एक तरुण अभियंता आला. चांगला मुलगा होता, पण त्याच्याकडे एका दिवसात करायची बरीच गावं होती. त्यानं टाकीचा फोटो काढला, पंपघराचा काढला, गावातल्या चारदोन तोट्या सोडून बघितल्या. तो गाडीकडे वळला तेव्हा आम्ही बाया अंदाजपत्रकाची प्रत घेऊन पुढे झालो. ती प्रत आम्ही ग्रामपंचायतीकडे अर्ज करून घेतली होती. कोणत्याही गावाला माझं पहिलं सांगणं हेच आहे, अंदाजपत्रक हातात घेतल्याशिवाय तपासणीला उभं राहू नका. माहितीफलकावर फक्त एकूण रक्कम असते. अंदाजपत्रकात पाईपचा व्यास, खोली, वॉल्व किती आणि कुठं, सगळं ओळीनं लिहिलेलं असतं.

आम्ही त्याला म्हटलं, "साहेब, पोडाच्या लाईनवर दोन जागी खड्डा करून दाखवा." तो आधी 'नाही' म्हणाला, मग तयार झाला. पोडावरच्या पोरांनीच सब्बल-फावडं आणलं. अंदाजपत्रकात पाईपवर मीटरभर माती लिहिली होती. गावाच्या शिवेपर्यंत खोली बरोबर निघाली, हे सांगितलंच पाहिजे. पण पुढे कपाशीच्या वावरातून लाईन जाते तिथं दोन वितीवरच पाईप लागला, निळा, उघडा, खाली मुरूम नाही. ज्यानं काळ्या मातीत काम केलंय त्याला याचा अर्थ सांगायची गरज नाही. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरवर पुरलेला पाईप तिच्याबरोबर ओढला जातो, जोड सुटतात. आणि दोन वितीवरचा पाईप ट्रॅक्टरच्या पहिल्याच नांगरटीत फाटतो.

मग आम्ही टेकाडाच्या माथ्यावरच्या चेंबरकडे गेलो. तिथं एअर वॉल्व लिहिलेला होता. पाईपलाईन उंचावर चढते तिथं वरच्या टोकाला हवा अडकते, ती बाहेर पडायला वाट नसेल तर मागचं पाणी पुढं सरकत नाही. चेंबर छान बांधलेलं होतं, गिलावा केलेला, वर लोखंडी झाकण, बाजूला रंगानं क्रमांक. झाकण उचललं. आत नुसता पाईप आडवा गेलेला, वॉल्व नाहीच. तळाशी पालापाचोळा आणि एक बेडूक. त्या मुलानं बराच वेळ आत बघितलं, मग खिशातून पेन काढून अहवालात दुरुस्ती लिहिली. पोडावरचा एक म्हातारा कोलाम आमच्या मागे उभा होता. तो एवढंच बोलला, "गावाले पानी येते, आमाले झाकन येते."

वॉल्व नव्हता हे दिसलं, पण पाणी किती कमी येतं हे मोजून दाखवणं गरजेचं होतं. 'पाणी येत नाही' असं म्हटलं की 'येतं की' असं उत्तर मिळतं. मोजलेल्या आकड्याला असं उत्तर देता येत नाही. मोजणी अगदी सोपी आहे. आमच्याकडे सकाळी पाऊण तास पाणी सुटतं. पाच माणसांच्या घराला ५५ च्या हिशेबानं २७५ लिटर लागतात. ते पाऊण तासात यायचे तर मिनिटाला सहा लिटरच्या थोडं वर आलं पाहिजे, म्हणजे पंधरा लिटरची बकेट साधारण अडीच मिनिटांत भरायला हवी. टाकीजवळच्या घरात ती मिनिटाच्या आत भरली. शाळेपाशी दोन मिनिटांत. पोडावरच्या शेवटच्या घरी आम्ही मोबाईलमधलं घड्याळ लावून बसलो. धार दोऱ्यासारखी, मधूनच थांबायची, नळातून हवा फुसफुसायची, परत सुरू व्हायची. बकेट भरायला दहा मिनिटं गेली. पाऊण तासात साडेसदुसष्ट लिटर, म्हणजे माणशी तेरा-चौदा. त्या घरची सून चूल सोडून आमच्याजवळ येऊन बसली होती. ती म्हणाली की पिण्यापुरतं हे भरते आणि बाकीचं जुन्या हापशीवरून आणते. हापशीचं, म्हणजे तेच फ्लोराईडचं.

हे आकडे आम्ही वहीत घरमालकाच्या सहीनिशी किंवा अंगठ्यानिशी लिहिले आणि ग्रामसभेत वाचले. सभा सोपी गेली नाही. तालुक्यातली बरीच गावं प्रमाणित झाली, आपलंच का अडायचं, असा सूर होता. सरपंचांवर वरून तगादा होता, त्यांचीही अडचण मला कळत होती. ठेकेदाराचं म्हणणं असं की मागचीच बिलं थकली आहेत, पुढचं काम कशाच्या जोरावर करू. त्यात तथ्य होतं. राज्यभर या योजनेची देयकं रखडली होती, आणि २०२४ पर्यंत संपायचं मिशन २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवावं लागलं. पण न बसवलेल्या वॉल्वचं मोजमाप बिलात दाखवणं हे थकबाकीनं माफ होत नाही. मी सभेत तेवढंच बोलले. शेवटी ठराव असा झाला की पोडाच्या शेवटच्या घरी ठरलेल्या वेळेत बकेट भरेपर्यंत घोषणा करायची नाही, आणि त्रयस्थ तपासणीच्या दुरुस्त अहवालाची प्रत जोडून हा ठराव विभागाला पाठवायचा. अंतिम बिल थांबलं. त्याशिवाय काही हललं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्ती झाली. वावरातली लाईन पुन्हा उकरून खोल घातली, खाली मुरूम टाकला, माथ्यावर वॉल्व बसला. तरीही पोडावर पाणी पुरेना. वॉल्व सोडणाऱ्या भाऊंनी कारण दाखवलं. गावाचा आणि पोडाचा वॉल्व ते एकाच वेळी सोडत. उताराकडे पाणी आधी पळतं, त्यात टाकीजवळच्या घरांनी नळाला टुल्लू पंप, म्हणजे पाणी खेचणाऱ्या छोट्या मोटरी लावलेल्या. पंपानं लाईनमधला दाबच ओढून घेतला की टेकाडावर काय चढणार? आणि लाईन अशी खेचली गेली की गळक्या जोडातून नालीचं पाणी आत येतं, हा वेगळाच धोका. टुल्लू काढा म्हणून सांगायला जाणं हे सगळ्या तपासणीतलं कठीण काम होतं, कारण ती घरं आपल्याच नात्यागोत्यातली. आम्ही बाया मिळून घरोघरी गेलो, वहीतले आकडे दाखवले. काहींनी त्याच दिवशी काढले. काहींनी ग्रामसभेनं दंडाचा ठराव केल्यावर काढले. पोडाचा वॉल्व आधी, गावाचा नंतर, असं वेळापत्रक ठरलं आणि ते पंचायतीच्या भिंतीवर रंगवलं. त्यानंतर शेवटच्या घरी बकेट अडीच मिनिटांच्या आत भरू लागली.

इथं प्रमाणपत्र घेऊन टाकावं असं पुष्कळांना वाटलं. आम्ही उन्हाळ्यापर्यंत थांबायचं ठरवलं, आणि ते थांबणं किती गरजेचं होतं ते मे महिन्यात कळलं.

पाणी तपासणीची पेटी समितीकडे असते. प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तिचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे, आमच्याकडच्या पाचांत मी आहे. फ्लोराईडची तपासणी अशी: बाटलीत खुणेपर्यंत नमुना घ्यायचा, रसायनाचे थेंब टाकायचे, हलवून थोडं थांबायचं आणि रंग तक्त्यावरच्या पट्ट्यांशी जुळवायचा. फ्लोराईड कमी असलं की रंग गुलाबी राहतो, वाढत जाईल तसा पिवळ्याकडे झुकतो. हिवाळ्यात गावातले सगळे नमुने स्वच्छ गुलाबी आले होते. मे महिन्यात अंगणवाडीच्या नळाचा नमुना घेतला तर रंग नारिंगीकडे गेला. रसायन जुनं झालं असेल म्हणून मुदत बघितली, ती शिल्लक होती. विहिरीचं पाणी थेट काढून तपासलं, ते गुलाबीच. म्हणजे विहीर आणि नळ यांच्या मध्ये कुठंतरी दुसरं पाणी मिसळत होतं.

उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली की टाकी भरत नाही. मग जुन्या बोअरची मोटर सुरू करून त्याच टाकीत पाणी सोडलं जात होतं. बोअरचा जोड कधी तोडलेलाच नव्हता. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, टाकी रिकामी राहिली तर लोक दारात येतात. पण ज्या पाण्यापासून सुटायला एवढी योजना केली तेच पाणी नव्या पाईपातून अंगणवाडीत पोचत होतं, आणि वहीत 'पुरवठा नियमित' अशी नोंद होती. माझा सगळ्यात जास्त जीव याच जागी तुटला. तपासणी थंडीत उरकली असती तर हे कधीच दिसलं नसतं. तपासायचं तर मे महिन्यात तपासा, हे माझं दुसरं सांगणं.

नमुने उपविभागीय प्रयोगशाळेत पाठवले, कारण पेटीचा रंग इशारा देतो, कागदावर चालतो तो प्रयोगशाळेचा आकडा. तो दीडच्या वर आला. मग बोअरचा जोड टाकीपासून तोडून ते पाणी गुरांच्या हौदाला आणि बांधकामाला वळवलं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कमी वेळ पण सगळ्यांना, असं ठरलं. गावानं ते सोसलं. आठवड्यातून काही दिवस पाणी कमी आलं, भांडणंही झाली. पण दातांचा विषय निघाला की सगळे गप्प व्हायचे, कारण प्रत्येकाच्या घरात लेकरं आहेत.

पट्टीचाही प्रश्न याच काळात सुटला. पोडावरचे लोक पट्टी भरत नाहीत ही जुनी तक्रार होती. पाणी नाही तर पट्टी कशाची, असं ते म्हणत, आणि ते बरोबरच होतं. पाणी यायला लागल्यावर आम्ही पंपाचं वीजबिल, टीसीएल, वॉल्व सोडणाऱ्याचं मानधन असा सगळा खर्च सभेत फळ्यावर लिहिला आणि घरांमध्ये वाटून दर काढला. आता पोडाची वसुली गावापेक्षा चांगली आहे.

ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत झाला. अभियंत्यांनी दाखला वाचला, आम्ही आमची वही वाचली: कोणत्या घरी बकेट किती वेळात भरली, कोणत्या तोटीच्या पाण्यात क्लोरीन आणि फ्लोराईड किती. ठरावात तीन अटी घातल्या. पोडाचा वॉल्व आधी सुटेल. जुना बोअर पिण्याच्या टाकीला पुन्हा जोडायचा नाही. दर उन्हाळ्यात शेवटच्या तोटीचा नमुना प्रयोगशाळेत जाईल आणि अहवाल ग्रामसभेत वाचला जाईल. चित्रीकरण करणाऱ्यानं 'अटी नको, नुसतं मंजूर म्हणा' असं सुचवलं होतं. अटींसकट चित्रीकरण झालं. हात वर करणाऱ्यांत पोडावरच्या त्या दोघीही होत्या.

एक काम बाकी आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला एका वावरात नवीन बोअर घ्यायची तयारी सुरू आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही, १९९३ च्या भूजल कायद्यापासून ही तरतूद आहे. आम्ही टेपनं अंतर मोजलं, ते त्याच्या आत भरतं. शेतकरी आमच्याच गावचा आहे, त्याची संत्र्याची झाडं वाळताहेत, त्याच्याशी वैर करायची कुणाची इच्छा नाही. त्याला शेततळ्याच्या योजनेतून काही करता येतं का ते कृषी सहायकांना विचारलंय, आणि दुसरीकडे तहसीलला रीतसर अर्जही दिलाय. पुढच्या महिला सभेत पहिला विषय तोच ठेवलाय.